रक्ताची साक्ष

१८८६ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतल्या नामवंत फिजिशियनांची एक नवी संघटना वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा भरली. १८ तारखेला हार्वर्डचे पॅथॉलॉजीचे प्राध्यापक रेजिनाल्ड फिट्झ आपला निबंध वाचायला उभे राहिले. फिट्झ सर्जन नव्हते. त्यांची उमेदीची वर्षं शवविच्छेदनाच्या टेबलापाशी गेलेली, त्यामुळे पोटदुखीनं दगावलेल्या माणसाच्या पोटात अखेर काय सापडतं हे त्यांना सभेतल्या बहुतेकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. उजव्या बाजूला खाली दुखतं, ताप येतो, पोट लाकडासारखं कडक होतं आणि माणूस जातो. या दुखण्याचा दोष तोवर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीवर, म्हणजे सीकमवर टाकला जाई. पॅरिसच्या दुप्वित्राँसारख्या बड्या सर्जनचं वजन त्या मतामागे होतं. फिट्झनी आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) फुटलेल्या २५७ रुग्णांच्या नोंदी एकीकडे मांडल्या, सीकमचा दाह म्हणून नोंदलेल्या २०९ रुग्णांच्या दुसरीकडे, आणि लक्षणं ताडून दाखवली. दोन्हीकडे तीच. दुखण्याचं मूळ त्या करंगळीएवढ्या शेपटात होतं. ‘अपेंडिसायटिस’ हे नाव या निबंधानं रूढ केलं.

नावापेक्षा निबंधाचा रोख महत्त्वाचा होता. त्याच्या शीर्षकातच ‘लवकर निदान’ हे शब्द होते. फिट्झच्या नोंदींत पोटभर पसरणारा दाह बहुधा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी सुरू झालेला दिसत होता. म्हणजे वैद्याच्या हातात दिवस-दीड दिवस. तेवढ्यात ओळखा आणि सर्जनला बोलवा, असं त्यांचं सांगणं. ओळखायचं कसं, हा प्रश्न तिथून पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालत आला आहे, आणि त्याचं उत्तर रक्ताच्या थेंबात शोधण्याची खटपट हा त्यातला सगळ्यात चिवट भाग.

आंत्रपुच्छ काढल्याची पहिली लेखी नोंद एका मुलाचीच आहे. १७३५ च्या डिसेंबरात लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात क्लॉडियस अमियांड या सर्जननं अकरा वर्षांच्या मुलाचा अंतर्गळ उघडला. आत आतड्याऐवजी आंत्रपुच्छ निघालं, त्याला भोक पडलेलं, आणि भोकात खड्याचं पुट चढलेली टाचणी. मुलानं ती कधीतरी गिळली असणार. भूल नाही, जंतुनाशक नाही, सुमारे अर्धा तास कापाकापी. पोरगं तरी वाचलं. पण अमियांड गेला होता अंतर्गळ दुरुस्त करायला. आंत्रपुच्छ समोर आलं ते योगायोगानं. निदान वगैरे काही झालेलं नव्हतं.

निदान अवघड का, ते मुलाच्या पोटापाशी बसलं की कळतं. सुरुवातीची कळ बेंबीभोवती येते, कारण आतड्याच्या नसा मेंदूला नेमकी जागा सांगू शकत नाहीत. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. मोठा माणूस हा प्रवास सांगतो. “काल रात्री इथं होतं, आज सकाळपासून इथं आहे.” चार वर्षांचं मूल विचारलं तरी बेंबीवर हात ठेवतं, न विचारता रडतं, आणि डॉक्टर पोटाला हात लावायला आले की आधीच पोट घट्ट करून घेतं. शिवाय लहान मुलांच्या पोटातला चरबीचा पडदा, जो मोठ्यांमध्ये सुजलेल्या जागेभोवती गुंडाळून पू आवरून धरतो, तो अजून आखूड आणि पातळ असतो. फुटलं की पसरतं. आणि जंत, मुरडा, खाण्यातला बिघाड, शाळा चुकवण्याचं निमित्त या सगळ्यांचा बोभाटा पोटदुखीनंच होत असल्यामुळे घरातही पहिले बारा तास ओव्याच्या पाण्यात जातात.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नींनी १८८९ मध्ये बोट ठेवण्याची जागा सांगितली: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे सरळ रेषा धरायची, आणि त्या रेषेवर दीड ते दोन इंचांवर दाबायचं. सर्जनांना ही गोष्ट फार भावली. बोटाचं ज्ञान त्यांच्या स्वतःच्या हातातलं होतं, कुठल्या प्रयोगशाळेचं उसनं नव्हतं. फिलाडेल्फियाचे टॉमस मॉर्टन यांनी दोन वर्षं आधीच, १८८७ मध्ये, निदान करून, ठरवून, फुटलेलं आंत्रपुच्छ काढून रुग्ण वाचवला होता. त्यांचा भाऊ आणि मुलगा याच दुखण्यानं गेले होते. इंग्लंडात १९०२ च्या जूनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्यारोहण समारंभ दोन दिवसांवर आलेला असताना फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच त्याच्या पोटातला गळू फोडून पू काढला. समारंभ ऑगस्टवर गेला. त्या एका शस्त्रक्रियेनं अपेंडिसायटिस जगभर लोकांच्या तोंडी झालं. ट्रीव्ह्ज यांची स्वतःची तरुण मुलगी दोनच वर्षांपूर्वी याच आजारानं गेली होती. राजघराण्याचा डॉक्टर असून उपयोग झाला नव्हता.

रक्ताचा प्रवेश याच सुमारास झाला. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस कापडगिरण्यांचे डांबरी रंग रक्ताच्या थेंबावर वापरून पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या करून दाखवल्या: न्यूट्रोफिल, इओसिनोफिल आणि बाकीचे. त्याच वेळी पेशी मोजायची काचेची चौकट आली. जंतूंशी झुंज लागली की पांढऱ्या पेशी वाढतात, त्यातही न्यूट्रोफिल वाढतात, हे एकदा कळल्यावर पुढचा विचार आपोआप सुचणारा होता. पोट उघडण्याआधी बोट टोचून बघा.

आज मशीन तीस-चाळीस सेकंदांत देतं तो आकडा तेव्हा कसा काढत, ते बघण्यासारखं आहे. बोटाच्या टोकाला टोचून आलेला थेंब काचेच्या बारीक पिपेटमध्ये ०.५ च्या खुणेपर्यंत तोंडानं ओढायचा. टोक पुसून त्यावर ११ च्या खुणेपर्यंत विरळ ॲसेटिक ॲसिड ओढायचं. त्यात जांभळ्या रंगाची नखभर छटा. पिपेटच्या पोटातल्या फुग्यात एक पांढरा मणी असतो, पिपेट आडवी धरून हलवली की तो खुळखुळतो आणि मिश्रण एकजीव होतं. तांबड्या पेशी मोजायच्या पिपेटमध्ये मणी लाल, म्हणजे घाईत घोटाळा नको. ॲसिडनं तांबड्या पेशी विरघळतात, पांढऱ्या उरतात, आणि त्यांचे जांभळे गाभे सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यायचे, मग एक थेंब आखीव काचेवर आच्छादनाखाली सरकू द्यायचा. तिथं मिलिमीटरचे चौकोन आखलेले, खोली एक दशांश मिलिमीटर. चार कोपऱ्यांतल्या चार चौकोनांतल्या पेशी मोजायच्या. रेघेवर बसलेल्यांचं काय? दोन बाजूंच्या घ्यायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या. आलेल्या बेरजेला ५० नं गुणायचं. १६० मोजल्या तर काउंट ८,०००. ३६० भरल्या तर १८,०००, आणि सर्जनला निरोप धाडायचा. दहा पेशी नजरचुकीनं दोनदा मोजल्या की ५०० चा फरक. आपल्याकडे लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी कोर्स केलेल्या कित्येकांना ती पिपेट आणि तोंडात आलेल्या ॲसिडची चव चांगली आठवत असेल. अमेरिकेत वॉलेस कूल्टर यांना पेशी आपोआप मोजणाऱ्या यंत्राचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं, पण ती यंत्रं सगळीकडे पोचायला पुढे बराच काळ गेला.

लाइपझिगचे हाइन्रिश कुर्शमान यांनी १९०१ मध्ये अपेंडिसायटिसच्या रुग्णांचे काउंट छापले. काउंट चढून राहिला तर आत पू झाला असं समजावं, हे त्यांचं प्रतिपादन. त्यांच्या सांगण्यातली कळीची गोष्ट पुढच्यांनी बहुधा नजरेआड केली: एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स गिब्सन यांनी १९०६ मध्ये एक तक्ता काढला. डाव्या बाजूला एकूण काउंट, उजव्या बाजूला न्यूट्रोफिलची टक्केवारी. १०,००० ला ७५ टक्के ही समपातळी, आणि पुढच्या दर हजाराला एक टक्का. दोन आकडे रेघेनं जोडायचे. टक्केवारी काउंटच्या मानानं जास्त असेल तर रेघ वर चढते, आणि त्याचा अर्थ संसर्ग जोरात आहे पण शरीराचा प्रतिकार तोकडा आहे. वुर्झबुर्गच्या योझेफ आर्नेट यांनी १९०४ मध्ये न्यूट्रोफिलच्या गाभ्याचे पदर मोजून पेशींची वयं लावली, तरुण पेशी कागदाच्या डाव्या रकान्यात टाकल्या, आणि ‘शिफ्ट टू लेफ्ट’ हा शेरा तिथून निघून आजच्या गल्लीतल्या लॅबच्या रिपोर्टपर्यंत येऊन पोचला.

या सगळ्या खटाटोपात एक गोची होती, आणि ती मुलांच्या बाबतीत जास्त भोवली. पांढऱ्या पेशी हा गोंधळ ऐकलेला पण चेहरा न पाहिलेला साक्षीदार. टॉन्सिल सुजले, कान फुटला, लघवीत जंतू झाले, की काउंट वाढतो. सर्वांत फसवं दुखणं म्हणजे उजव्या फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया: मूल उजव्या बाजूला पोट धरून कण्हतं, ताप चढलेला, काउंट वीस हजार, आणि पोट उघडावं तर आंत्रपुच्छ गुलाबी आणि निरोगी. शिवाय लहान मुलांचं रक्त मोठ्यांसारखं नसतं. चार-पाच वर्षांपर्यंत त्यात लिम्फोसाइट जास्त आणि न्यूट्रोफिल कमी असतात, मग ते प्रमाण उलटतं. गिब्सनचे ७५ टक्के तीन वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावता येत नव्हते. अनुभवी सर्जन त्यामुळे काउंटकडे तिरप्या नजरेनं बघत राहिले. रिपोर्ट आपल्या मताशी जुळला तर दाखवायचा, नाही जुळला तर खिशात घालायचा, ही रीत फार जुनी आहे, आणि ती अजून मोडली आहे असं म्हणवत नाही.

दुसरा साक्षीदार न्यूमोनियातूनच आला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात ऑस्वल्ड एव्हरी यांच्या हाताखाली विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस न्यूमोकॉकस या जंतूचे अंश वेगळे करून रुग्णांच्या सीरममध्ये मिसळत होते. अपेक्षा अशी, की आजार मुरला, शरीरानं प्रतिपिंडं बनवली, की साका धरेल. एका अंशाचं, ज्याला ते ‘सी’ म्हणत, वागणं उफराटं निघालं. रुग्ण अत्यवस्थ असताना साका धरायचा, आणि तो बरा होऊन घरी जायच्या वेळी काहीच नाही. आणखी तपासलं तेव्हा न्यूमोकॉकसशी संबंध नसलेल्या, संधिवाताच्या तापासारख्या आजारांतही तेच घडताना दिसलं. म्हणजे हे प्रतिपिंड नव्हे, तीव्र आजाराच्या वेळी शरीर स्वतः बाहेर टाकत असलेलं दुसरंच काही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) हे नाव मिळालं. मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४७ मध्ये त्याचे स्फटिक तयार केले. हेच मॅकार्टी तीन वर्षांपूर्वी एव्हरी आणि मॅक्लाउड यांच्यासोबत आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए असल्याचं दाखवणाऱ्या शोधनिबंधात होते. एकाच प्रयोगशाळेतून, एकाच न्यूमोकॉकसच्या मागे लागून, दोन गोष्टी निघाल्या. त्यातल्या एकीचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं, दुसरीचं लॅबच्या दरपत्रकात.

सीआरपी बराच काळ संधिवाताच्या तापाची चाचणी म्हणूनच वावरला. काचेच्या पट्टीवर लॅटेक्सचा दुधाळ थेंब, त्यात सीरम, काडीनं ढवळायचं, दाणे धरले तर पॉझिटिव्ह. किती, हे त्यातून नीट कळत नसे. नेमकं मोजणारी यंत्रं आल्यावर, साधारण १९८० नंतर, तो पोटदुखीच्या वॉर्डात शिरला, आणि मग त्याचा स्वभाव उलगडला. सूज सुरू झाली की निरोप यकृताला जातो, यकृत सीआरपी बनवायला लागतं, आणि रक्तातला आकडा चढायला सहा ते बारा तास लागतात. कळस दीड-दोन दिवसांनी. पांढऱ्या पेशी त्याआधीच धावलेल्या असतात. म्हणून दुखायला लागल्यावर चार तासांत आणलेल्या मुलाचा सीआरपी अगदी नॉर्मल येऊ शकतो आणि त्याचा अर्थ फारसा काही होत नाही. दोन दिवसांनी आणलेल्या मुलाचा सीआरपी शंभरावर असला तर आत फुटल्याची शंका घ्यावी लागते. दोन साक्षीदार, पण दोघांची घड्याळं वेगळी. घरच्यांनी “कालपासून दुखतंय” म्हटलं तर तो काल सकाळी होता की रात्री, हे विचारल्याशिवाय रिपोर्ट वाचता येत नाही.

पूर्वीच्या सर्जनांचा हिशेब उघड होता. शंभर पोटं उघडली आणि पंधरा-वीस आंत्रपुच्छं निरोगी निघाली तरी चालेल, फुटलेलं एकही सुटायला नको. हा हिशेब हळूहळू टोचायला लागला. इंग्लंडात लीड्सला टिम डी डोम्बल यांनी १९७२ मध्ये ३०४ पोटदुखीच्या रुग्णांची लक्षणं संगणकात घातली. संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, वरिष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. डॉक्टरमंडळींना हे झोंबलं असणार. पण त्या काळी कॅज्युअल्टीत संगणक कुणाकडे होता? त्यामुळे खऱ्या अर्थानं चाललं ते फिलाडेल्फियाच्या अल्फ्रेडो अल्वाराडो यांचं १९८६ चं गुणपत्रक. एकूण गुण दहा. दुखणं सरकलं, भूक गेली, उलटी, ताप, दाबून सोडल्यावर कळ, डावीकडे सरकलेल्या पेशी यांना एकेक. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं आणि वाढलेला काउंट यांना दोन-दोन. मॅकबर्नींचं बोट आणि पिपेटमधला थेंब यांना इथं समान गुण मिळाले. फिट्झच्या निबंधाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये झ्युलियाँ प्युलार्ट यांनी सोनोग्राफीच्या प्रोबनं पोट हळूहळू दाबत सुजलेलं आंत्रपुच्छ पडद्यावर दाखवलं. एका अर्थी १९८६ नंतर अपेंडिसायटिस दिसायलाही लागलं आणि मोजताही येऊ लागलं.

आता फिनलंडकडे. तुर्कूचे युहा ग्रोनरोस यांनी १९९९ मध्ये प्रौढ रुग्णांचे आकडे मांडले: काउंट आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल असतील, असा अपेंडिसायटिसचा एकही रुग्ण त्यांना सापडला नाही. कुणालाही मोह व्हावा असा हा निष्कर्ष. दोन स्वस्त चाचण्या, दोन्ही ठीक, माणूस घरी. त्यांनीच मग तो प्रश्न मुलांच्या बाबतीत विचारला आणि २००१ मध्ये उत्तर छापलं. मुलांमध्ये ते चालत नाही. पॅथॉलॉजिस्टनं अपेंडिसायटिस म्हणून शिक्कामोर्तब केलेल्या काही मुलांचे दोन्ही आकडे नॉर्मल होते. एकाच माणसानं आपल्याच सोप्या नियमाची हद्द अशी दोन वर्षांत आखून द्यावी, ही या इतिहासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. स्वीडनचे रोलंड अँडरसन यांनी २००४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र चाळले, तेव्हाही चित्र तसंच आलं. एकेकटी खूण, मग ती बोटाची असो वा रक्ताची, दुबळी. दाहाच्या दोन-तीन खुणा एकत्र आल्या की त्यांचं वजन झपाट्यानं वाढतं. त्यांच्या २००८ च्या गुणपत्रकात म्हणून सीआरपीला स्वतंत्र जागा मिळाली.

मुलांसाठी वेगळं गुणपत्रक २००२ मध्ये मदन सॅम्युएल यांनी केलं, ४ ते १५ वर्षांच्या १,१७० मुलांच्या नोंदींवरून. त्यातली एक गोष्ट कुठल्याही आईला पटेल. मुलाला खोकायला सांगा, उडी मारायला सांगा. पोटात खरोखर आग असेल तर ते उडी मारत नाही. या उडीला दोन गुण, आणि काउंट व न्यूट्रोफिल दोघांना मिळून दोन. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या मुलांवर हे आणि अल्वाराडोंचं, दोन्ही ताडून पाहिली. निव्वळ गुणांच्या भरवशावर पोट उघडावं इतकी भरवशाची दोन्हीपैकी एकही निघाली नाही.

मुलांच्या बाबतीत रक्ताच्या खुणांना या काळात जी नवी निकड आली, तिचं कारण वेगळंच होतं. अमेरिकेत सीटी स्कॅन सर्रास झाला होता. पोट दुखतंय? स्कॅन. निदान अचूक, पण २००१ मध्ये डेव्हिड ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मुलांना सीटीतून मिळणाऱ्या किरणांचा आणि पुढच्या आयुष्यातल्या कॅन्सरचा हिशेब मांडला, आणि बालरुग्णालयं दचकली. मग रक्ताला विचारायचा प्रश्नच पालटला. ‘अपेंडिसायटिस आहे का?’ हे आता विचारायचं नव्हतं. ‘कुणाला स्कॅनशिवाय निर्धास्त घरी पाठवू?’ हे विचारायचं होतं. अनुपम खरबंदा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमका हाच नियम बांधला: मळमळ नाही, सर्वांत जास्त दुखणं उजवीकडे खाली नाही, आणि न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या ६,७५० च्या आत, तर धोका कमी. शंभर वर्षं दोषी ठरवायला बोलावलेल्या साक्षीदाराला आता निर्दोष ठरवायला बोलावलं जात होतं, आणि हे काम त्याला जरा बरं जमत होतं.

नव्या साक्षीदारांचा शोधही सुरू होताच. बॉस्टनच्या बालरुग्णालयात ॲलेक्स केंट्सिस, हान्नो स्टीन आणि रिचर्ड बाकुर यांनी २००९ मध्ये रक्त सोडून लघवी घेतली, मास स्पेक्ट्रोमेट्रीनं तिच्यातली प्रथिनं वाचून काढली, आणि त्यातून एलआरजी नावाचं एक प्रथिन पुढे आलं. पहिल्या ६७ मुलांच्या अभ्यासात ते इतकं नेमकं वाटलं, की सुई न टोचता निदान होणार अशा बातम्या झाल्या. एवढ्या लहान संख्येवर उभी राहिलेली अचूकता पुढे टिकणं अवघड असतं, आणि तसंच झालं. आज कुठल्याही नेहमीच्या वॉर्डात ती चाचणी नाही.

कोलोराडोतल्या एका कंपनीची कथा याहून रंगतदार. ॲस्पेनबायो नावाची ही कंपनी आधी जनावरांच्या चाचण्यांत होती. सुजलेल्या आंत्रपुच्छात भरपूर सापडणारं, न्यूट्रोफिलच्याच पोटातलं एक जोडप्रथिन तिनं रक्तात मोजायला घेतलं. एकट्यानं काम भागेना. मग त्याला जोडीला घेतलं कुणाला? पांढऱ्या पेशींचा काउंट आणि सीआरपी. नव्या युगाची चाचणी म्हणून जी बाजारात यायची होती, तिचे तीनपैकी दोन पाय एर्लिखच्या आणि एव्हरींच्या काळातले होते. अनेक रुग्णालयांतल्या मोठ्या चाचणीत ती खऱ्या रुग्ण मुलांपैकी ९७ टक्क्यांच्या आसपास पकडत होती, पण निरोगी आंत्रपुच्छाच्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांनाही ती मोकळं करू शकत नव्हती. युरोपात परवानगी मिळाली. अमेरिकेच्या एफडीएनं २०१५ च्या सुरुवातीला ती नाकारली. तोवर कंपनीचं नाव व्हेनॅक्सिस झालं होतं, पुढे बायॉप्टिक्स झालं, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात तिनं सगळं सोडून ‘रायट ब्लॉकचेन’ असं नाव घेतलं आणि बिटकॉइनच्या मागे गेली. शेअर उसळला. मुलांच्या पोटदुखीवर वर्षानुवर्षं खपून जे भागधारकांना मिळालं नव्हतं, ते नाव बदलून मिळालं.

आपल्याकडे सीआरपी हा शब्द घराघरांत शिरला तो २०२० आणि २१ च्या कोविडात. तेव्हापासून पालक रिपोर्ट आधी व्हॉट्सॲपवर पाहतात, लाल ठळक झालेला आकडा बघून घाबरतात, आणि मग डॉक्टरांना फोन करतात. त्याच रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात ‘कृपया क्लिनिकली कोरिलेट करा’ असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. वास्तविक गिब्सनपासून ग्रोनरोसपर्यंत सगळ्यांची कमाई त्या ओळीत आहे. आपल्या मुलांत टायफॉइड आणि पोटातल्या गाठींची सूज आजही उजव्या बाजूला खाली दुखवते, टायफॉइडमध्ये तर काउंट वाढण्याऐवजी उतरलेला असू शकतो, त्यामुळे इथल्या बालरोग सर्जनच्या मनात रिपोर्ट वाचताना शक्यतांची यादी बॉस्टनच्या सर्जनपेक्षा लांब असते.

अलीकडे प्रश्नानं आणखी एक वळण घेतलं आहे. आंत्रपुच्छ सुजलंय हे सोनोग्राफीनं दाखवलं. पण ते फुटलंय का, फुटायच्या बेतात आहे का? इथं रक्ताला सांगण्यासारखं जरा जास्त आहे. सीआरपीचा आकडा इथं खरा कामाला येतो. रक्तातलं बिलिरुबिन वाढलेलं असू शकतं. आणि एक अगदी साधी, प्रत्येक रुग्णालयात होणारी तपासणी: सोडियम. फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या मुलांमध्ये रक्तातलं सोडियम उतरलेलं आढळतं, आणि स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी याचा पद्धतशीर पाठपुरावा केला. सलाइन लावण्यापूर्वी काढलेलं रक्त तपासायला हवं, नाहीतर खूण पुसली जाते. एवढी स्वस्त खूण इतकी वर्षं कुणाच्या नजरेत भरली नाही, कारण सोडियम लोक जुलाब-उलट्यांसाठी बघायचे.

फुटलंय की नाही याला इतकं महत्त्व येण्याचं कारण म्हणजे न फुटलेल्या आंत्रपुच्छाला सुरी न लावता अँटिबायोटिक्सनं बरं करता येतं का, हा वाद. मुलांवरची त्याची मोठी चाचणी २०२५ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आली: अमेरिका, कॅनडा, फिनलंड, स्वीडन आणि सिंगापूरच्या ११ रुग्णालयांतली ९३६ मुलं. अँटिबायोटिक्सच्या गटात वर्षभरात ३४ टक्के उपचार फसले, शस्त्रक्रियेच्या गटात ७ टक्के. आकडे शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहेत. पण उरलेल्या ६६ टक्के मुलांचं पोट उघडावं लागलं नाही, हेही त्याच तक्त्यात आहे. ती ६६ कुठली आणि ३४ कुठली हे पहिल्याच रात्री, बोट टोचून किंवा शिरेतून काढलेल्या दोन मिलिलिटर रक्तावरून सांगता येईल का, यावर आता काम चाललं आहे. कुर्शमाननी सुचवलेला उपाय मात्र कुठल्याही बालरुग्णालयाच्या निरीक्षण कक्षात रोज वापरला जातो: मूल संशयित आहे, सोनोग्राफीत स्पष्ट दिसत नाही, तर उपाशी ठेवा, सहा-आठ तासांनी त्याच डॉक्टरनं पुन्हा पोट तपासायचं, आणि रक्त पुन्हा पाठवायचं.